आवाज बंद कर, दिसंना झालंय

आमच्या घरी टीव्ही आला तो १९८७ साली, रविवारच्या ‘रामायणा’साठी. बेळगावला लागून असलेल्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत तोवर दोनच टीव्ही होते, त्यामुळे साडेनऊ वाजले की सोप्यात पाय ठेवायला जागा उरायची नाही. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग, आत पोरंटोरं, बायका, मागावरून तसेच उठून आलेले बाप्ये. आबा, म्हणजे माझे आजोबा, भिंतीला टेकून बसायचे. दोन रविवार त्यांनी निमूट काढले. तिसऱ्या रविवारी ते उठले, टीव्हीपाशी गेले आणि आवाजाचं बटण पिळून पार खाली आणलं. एकच गलका झाला. आईनं धावत जाऊन बटण वर केलं. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, “आवाज बंद कर गं बाळे, मला दिसंना झालंय.”

आख्खी गल्ली हसली. मीही हसले.

आबांनी तीस-बत्तीस वर्षं वडगावात पॉवरलूमवर काढली होती. त्याआधी घरचा हातमाग. पॉवरलूमच्या खोलीत दोन माणसं समोरासमोर उभी राहून ओरडली तरी एकमेकांना ऐकू जात नाही. तिथला व्यवहार ओठांवर आणि बोटांवर चालतो. सूत तुटलं, कांडी संपली, चहा आला, मालक आला, सगळ्याला खुणा. आबांचे कान त्या खोलीतच गेले. पण कान गेले म्हणून शांतता लाभली असंही नाही. “आत माग चालूच हाय,” असं ते म्हणायचे. टीव्हीचा आवाज त्यांच्यापर्यंत शब्द होऊन पोचायचाच नाही. आधीच्या खडखडाटात आणखी एक माग सुरू व्हावा तसा तो कानात शिरायचा आणि डोळ्यांच्या आड यायचा.

शेवटी तह झाला. रामायण गल्लीचं, आवाजासकट. रविवारी दुपारचा सिनेमा आबांचा, आवाजाशिवाय.

त्या वेळी दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागायचे. बंगाली, मल्याळी, असमिया, कुठलाही. त्याच्या आधी बहिऱ्यांसाठी हातवाऱ्यांच्या बातम्या असायच्या, आणि त्या मात्र आबांना अजिबात पसंत नव्हत्या. “ही बाई काय करायलीया?” असं म्हणून ते तोंड फिरवायचे. त्या खुणा त्यांच्या मागावरच्या नव्हत्या ना! पण सिनेमा सुरू झाला की घरातला अधिकार बदलायचा. मल्याळी सिनेमा आवाज मोठा करून बघितला तरी आम्हाला काय कळणार होतं? आम्ही जांभया द्यायचो आणि आबा गोष्ट सांगायचे. “ह्यो थोरला भाऊ. ह्येच्या मनात नाही, आईसाठी गप बसलाय. आता बघ, ती चिठ्ठी वाचणार नाही, तशीच चुलीत घालणार.” आणि ती बाई खरंच चिठ्ठी चुलीत घालायची.

तुम्हाला कसं कळतं, असं मी एकदा त्यांच्या तळहातावर बोटानं लिहून विचारलं. हा आमचा फोन होता. आबा म्हणाले, “आम्ही विठ्ठलला बघितलेले लोक.”

मला वाटलं, पंढरपूरचा. हात कटीवर ठेवून उभा, एक अक्षर न बोलणारा, ज्ञानोबांनी ज्याला कानडा म्हटलं तो. माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर अगदी बरोबर बसत होतं. पुढं बरेच दिवस मी त्याच समजुतीत होते. मग एकदा आबा म्हणाले की विठ्ठल डावखुरा होता, डाव्या हातानं अशी तलवार फिरवायचा की चार-चार जण पडायचे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा दुसरा कुणीतरी.

मास्टर विठ्ठल. जन्म १९०६, कोल्हापूर. नाटक कंपन्यांत लहान पोरांना ‘मास्टर’ म्हणायची रीत होती, तशी पोरवयात चिकटलेली ती पदवी त्यांच्या नावाला जन्मभर राहिली. बेळगावच्या माणसाला कोल्हापूर काही परगाव नव्हे. निपाणी ओलांडली की कोल्हापूरच. पैलवान तिकडं जायचे, गाणारे जायचे, आजार हाताबाहेर गेला की रोगीही तिकडंच. आणि १९२० च्या आसपास कोल्हापुरात जे चाललं होतं ते बघून जीव दडपतो. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा घरी बनवला. विकत आणला नाही, बनवला, लेथवर भाग कातून. तानीबाई कागलकर या गाणाऱ्या बाईनं पैसे घातले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० च्या ‘सैरंध्री’वर खूश होऊन टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. याच कंपनीत हुबळीहून एक पोरगा आला, रेल्वेच्या कारखान्यात आणि तिथल्या पत्र्याच्या सिनेमाघरात काम करून आलेला. ते व्ही. शांताराम. आणि याच कंपनीत विठ्ठलही शिरले, पण पडद्यावर नाही. फिल्म कापायच्या आणि जोडायच्या टेबलावर.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते आणि विठ्ठलबद्दल लिहिणारे ती एका वाक्यात उरकतात. मूकपटाचं संकलन म्हणजे काय ते जरा डोळ्यांसमोर आणा. आवाज नाही, त्यामुळे दृश्य कुठं तोडायचं हे संवाद ठरवत नाही. माणसाच्या अंगातली हालचाल कुठं संपते, मान कुठं वळते, नजर कुठून निघून कुठं लागते, त्यावर कात्री चालते. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा दिवसभर दुसऱ्यांच्या हालचाली हातात धरून, उजेडासमोर नेऊन बघत असेल, तर त्याला स्वतःच्या अंगाचं व्याकरण आपोआप कळणार. धोट्यामागं धावणाऱ्या आबांच्या नजरेसारखंच ते. शिकवून येत नाही.

१९२४ साली ‘कल्याण खजिना’मध्ये विठ्ठल पहिल्यांदा नजरेत आले ते नर्तकीच्या वेषात. बाईच्या कामाला बाई मिळणं तेव्हा कठीणच होतं. फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्रा’च्या वेळी तारामती सापडेना, तेव्हा ग्रँट रोडवरच्या हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंना त्यांनी दहाचे पंधरा रुपये कबूल करून उचललं. याच साळुंकेंनी १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये रामही केला आणि सीताही. ‘कल्याण खजिना’ला वेम्बलीच्या प्रदर्शनात पदक मिळालं. त्याच वर्षी, डिसेंबरात, गांधीजी बेळगावात काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आले होते. आमच्या गावात १९२४ म्हटलं की तेवढंच आठवतं, आणि ते योग्यच आहे. मी आपलं एका बाजूला टिळकवाडीतला तो लोटलेला जनसमुदाय ठेवते आणि दुसऱ्या बाजूला शंभरेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरातला, पायात घुंगरू बांधलेला अठरा वर्षांचा पोरगा. त्या घुंगरांचा आवाज कुणालाच ऐकू जाणार नव्हता.

पुढच्या दोन वर्षांत मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीनं त्यांना उचललं. १९२६ चा ‘रतन मंजरी’ हा नायक म्हणून पहिला. आणि मग जे सुरू झालं ते पाच वर्षं थांबलं नाही. घोडा, तलवार, तटावरून उडी, झुंबराला लोंबकळणं, राजकन्येची सुटका. नायिका बहुतेक वेळा झेबुन्निसा. लोक त्यांना हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणायचे, हॉलिवूडच्या मूकपटांतल्या तलवारबाज नायकाच्या नावावरून. मूकपटांच्या जमान्यातल्या सर्वांत जास्त पगार घेणाऱ्या नटांत त्यांची गणना व्हायची. जाणकारांचं या मारामारीच्या चित्रपटांविषयी फारसं चांगलं मत नव्हतं. जाणकार खुर्च्यांवर बसायचे. विठ्ठलचे लोक जमिनीवर.

आमचे आबा तर जमिनीवरही नव्हते. ते पडद्याच्या मागं होते. ही हकिकत मला फार उशिरा कळली.

शहापुरात तंबू पडायचा. तेव्हा शहापूर सांगली संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, मधे एक रस्ता. (आबा एका घरात जन्मले आणि त्याच घरात वारले, पण तेवढ्यात ते सांगलीचे, मग मुंबईचे, १९५६ नंतर म्हैसूरचे आणि १९७३ नंतर कर्नाटकाचे झाले. गावाचं नाव बेळगावी झालं ते २०१४ साली. त्यापूर्वीच ते सुटले.) तंबूत मधोमध कापड ताणलेलं असायचं. पुढच्या बाजूला तिकीट पूर्ण, मागच्या बाजूला निम्मं. कापडावर पाणी मारलं की चित्र पलीकडूनही दिसायचं, फक्त उलटं. आबा आणि त्यांचा जोडीदार अप्पा, दोघं नऊ-दहा वर्षांचे, मागं बसायचे. मूकपटात अधूनमधून मजकुराच्या पाट्या यायच्या, कधी दोन तर कधी तीन-चार लिप्यांत. मागून त्या सगळ्याच आरशातल्यासारख्या दिसायच्या. मराठी काय, गुजराती काय, इंग्रजी काय, सगळं सारखंच अगम्य. तंबूवाल्यानं पाट्या मोठ्यानं वाचायला एक माणूस ठेवला होता. तो आधी मराठीत वाचायचा आणि मग अर्थ कन्नडात सांगायचा. पण पुढं पेटी-तबला जोरात वाजत असल्यामुळं मागच्यांना तोही धड ऐकू यायचा नाही.

अप्पा कानडी. त्यांच्या घरी मराठी नाही, आमच्या घरी कन्नड बेतापुरतं. मारामारी सुरू झाली की आबा ओरडायचे “हाण, हाण!” आणि अप्पा ओरडायचे “होडी, होडी!” कन्नडात त्याचा अर्थ हाणच. पहिल्या खेळाला मात्र आबांनी सबंध वेळ त्या वाळवंटात होडी कुठून येणार याची वाट बघितली. हे सांगताना ते इतके हसायचे की पुढची गोष्ट राहून जायची.

मागून बघितल्यामुळं विठ्ठल डावखुरे झाले, हे आता तुमच्या ध्यानात आलंच असेल. माझ्याही आलं. पण मी ते आबांना सांगितलं नाही.

मी पुढं शिकायला पुण्याला गेले. वसतिगृहात पहिल्याच संध्याकाळी जेवायला निघताना खोलीतल्या मुलींना म्हणाले, “मी जाऊन येतो.” आमच्याकडं बायका असंच बोलतात. मी येतो, मी करतो, मी जेवलो. घरी आई, आजी, शेजारच्या काकू, सगळ्या. आधी त्या मुलींना वाटलं मी थट्टा करतेय. मग कळल्यावर जे हसणं झालं ते वर्षभर पुरलं. मला लाडानं ‘तो’ म्हणायच्या. ‘करायलंय’, ‘बोलायलीस’ हे शब्द मी गिळायला शिकले. सुट्टीत बेळगावला आले की एका कार्यालयाच्या खिडकीवर दाखला मागताना माझं कन्नड ऐकून आतला माणूस हसायचा. तोही बिचारा दुष्ट नव्हता. पुण्यात माझी मराठी कानडी वाटायची आणि बेळगावात माझं कन्नड मराठी. हिंदीची तर गोष्टच नको, आमची हिंदी ऐकून रिक्षावालेसुद्धा गप्प होतात. त्या काळात मी कमी बोलू लागले, आणि कमी बोलणारी मुलगी शहाणी समजतात हाही एक शोध लागला.

त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’ची उरलेली रिळं बघितली. माणसं तुरुतुरु चालत होती, हात झटके दिल्यासारखे उडत होते, आणि प्रेक्षक खुदखुदत होते. शेजारच्या एका जाणत्या मुलानं सांगितलं की ती माणसं तशी चालत नव्हती. तेव्हा कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवायचे, सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी. बोलपट आल्यावर यंत्रं चोविसाची झाली. सोळाचं चित्र चोविसावर चालवलं की राजा हरिश्चंद्राही दीडपट घाईनं राज्य सोडून निघतो. म्हणजे आपण ज्याला मूकपटातला अभिनय म्हणून हसतो, तो बराचसा नंतरच्या यंत्राचा दोष. मी त्या अंधारात हसणं थांबवलं. ‘तो’ म्हणून हसणाऱ्या मुलींपैकी दोघी माझ्या शेजारीच होत्या.

आता १९३१. अर्देशीर इराणींना हिंदुस्थानातला पहिला बोलपट करायचा होता, ‘आलम आरा’. नायकासाठी आधी मेहबूब खान यांचं नाव होतं, पण पैसा लावायचा तर चालणारं नाणं हवं, म्हणून विठ्ठल. विठ्ठलांनी शारदा सोडली. शारदेनं करारभंगाचा दावा लावला. विठ्ठलांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना. मुक्या पडद्यावरच्या राजाला पहिल्यांदा बोलायचं होतं, तर त्याच्यासाठी आधी मुंबईतला सर्वांत महागडा आवाज भाड्यानं घ्यावा लागला. दावा विठ्ठलांनी जिंकला.

स्टुडिओ रेल्वेच्या रुळांशेजारी. गाड्यांची धडधड टाळायची म्हणून ध्वनिमुद्रण मध्यरात्रीनंतर, एक ते चारच्या दरम्यान. माइक कुठं झाडात, कुठं सामानाच्या आड लपवलेले. एकाच यंत्रावर चित्र आणि आवाज, म्हणजे चूक झाली की सगळंच पुन्हा. त्या उजेडात जुबेदा बोलल्या, पृथ्वीराज कपूर बोलले, डब्ल्यू. एम. खान फकिराच्या वेषात गायले आणि हिंदी चित्रपटाला पहिलं गाणं मिळालं. विठ्ठलांनी तोंड उघडलं आणि लोकांच्या लक्षात आलं की ही जीभ कोल्हापूरची आहे. उर्दूचा क़ आणि ख़ त्यांच्या घशातून निघेना. मग तोडगा निघाला. नायकाला बराच वेळ गुंगीत, अर्धवट शुद्धीत दाखवायचं, म्हणजे बोलायचा प्रश्नच नको. १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये खेळ लागला, पोलीस बोलवायची वेळ आली, चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना विकलं गेलं म्हणतात. लोक आवाज ऐकायला आले होते आणि नायक झोपला होता.

मला इथं दर वेळी थांबायला होतं. कोणी रागावलं असेल त्यांच्यावर? बहुधा नाही. कोणीतरी अगदी सौजन्यानं म्हणालं असेल, विठ्ठलराव, हे वाक्य आपण गाळू या. मग आणखी एक. सौजन्यानं गाळलेली वाक्यं मला ठाऊक आहेत. वसतिगृहाच्या स्नेहसंमेलनात मला नाटकात घेतलं होतं, पहिल्या वाचनानंतर माझी भूमिका मुक्या मोलकरणीची झाली. सगळ्यांनी नंतर माझ्या अभिनयाचं कौतुकही केलं.

इथून पुढं विठ्ठलची गोष्ट सांगणारे लोक आवाज खाली आणतात. बोलपट आला, राजा संपला, मग हलाखी, मग विस्मृती. त्यातून त्यांनीच १९३३ साली दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाचं नाव ‘औट घटकेचा राजा’, मग काय, मथळाच तयार. पण ते नीट बघा तरी. त्या चित्रपटात शाहू मोडकांनी दुहेरी भूमिका केली, तोवर आपल्या बोलपटात कुणी केली नव्हती, आणि ती मराठी-हिंदी दोन्हीत झाली. संकलनाच्या टेबलावर बसलेला माणूस एकाच नटाची दोन रूपं एका गोष्टीत जोडतो, यात मला तरी पराभव दिसत नाही, जुना कसब परत कामाला आलेला दिसतो. पुढं भालजी पेंढारकरांच्या मराठी ऐतिहासिक चित्रपटांत ते होते. १९३९ चा ‘नेताजी पालकर’, १९४३ चा ‘बहिर्जी नाईक’. शेवटी शेवटी लहान भूमिका केल्या, साठच्या दशकापर्यंत केल्या. १९६९ ला गेले. मूकपटात ते सहा-सात वर्षं होते आणि बोलपटात पस्तीसच्या आसपास. मराठीत तोंड उघडल्यावर त्यांना कुणी झोपवलं नाही.

रूबी मायर्स, म्हणजे सुलोचना, त्यांच्याहून मोठी तारका. तिलाही बोलपटानं अडवलं. तिनं वर्षभर सुट्टी घेतली, हिंदुस्तानी शिकली आणि परत आली. तसं विठ्ठलांनी का केलं नाही, असं कुणी विचारलं तर माझ्याकडं उत्तर नाही. मी स्वतः कन्नड नीट शिकायला चाळिशी गाठली. शिकवलं ते अप्पांच्या सुनेनं, वेलदोड्याचा चहा आणि रोज वहीभर अक्षरं. तिच्याच घरी गप्पांत निघालं की कन्नडचा पहिला बोलपट ‘सती सुलोचना’, १९३४ चा. कुठं झाला सांगा बघू, असं मी तिला विचारलं. बेंगळूर, म्हैसूर, मद्रास, सगळं सांगून झालं. कोल्हापूर म्हटल्यावर तिनं कप खाली ठेवला. छत्रपती सिनेटोनमध्ये. कन्नड पहिल्यांदा पडद्यावर बोलली ती कोल्हापुरात, त्याच गावात जिथून निघालेल्या माणसाला उर्दूच्या नुक्त्यानं गप्प केलं होतं. तिचा नवरा, अप्पांचा मुलगा, ओसरीवरून म्हणाला, “मग कोल्हापूर आमचंच की!” आणि पुढचा अर्धा तास तो विषय रंगला. आमच्या भागात हा विषय कुठूनही सुरू होतो.

‘आलम आरा’ आज कुठंही नाही. एक प्रतही उरली नाही. काही छायाचित्रं आहेत, जाहिराती आहेत. त्या काळची फिल्म नायट्रेटची, भुरकन पेटणारी, आणि नाही पेटली तरी डब्यात पावडर होणारी. वर तिच्यात चांदी असायची, ती काढायला लोक रिळंच्या रिळं विकत घ्यायचे. हजारावर मूकपट या देशात झाले, त्यांतले तीसेक हाती लागतात, तेही तुकड्यांत. तेव्हा पहिल्या बोलपटाचा आवाज गेला, चित्रही गेलं, आणि ज्याला त्यात बोलू दिलं नाही तो आणि जे बोलले ते, दोघंही आता सारखेच. मी इंटरनेटवर त्या छायाचित्रांकडं बघत बसते. जुबेदा बोलल्यासारख्या दिसतात.

आबा १९९३ साली गेले. त्याच्या आधीच्या दिवाळीत मी घरी होते. दुपारी टीव्हीवर जुना मराठी चित्रपट लागला होता, मावळे, तट, मशाली. मी सवयीनं आवाज बंद केला. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांना आठवलं की असाच एक चित्रपट त्यांनी आणि अप्पांनी बेळगावात थिएटरात बघितला होता, भालजींचा, पॉवरलूमच्या सुरुवातीच्या दिवसांत, कान अजून थोडे शाबूत असताना. या खेपेला रीतसर पुढं, बाकावर बसून. त्यात विठ्ठल दिसले. वय झालेलं, अंग सुटलेलं, काम छोटंसं. आबांनी त्यांना चेहऱ्यावरून ओळखलं नाही. मान वळवायच्या लकबीवरून ओळखलं. अप्पांना कोपरानं ढोसलं. आणि मग विठ्ठलांनी तलवार उपसली, ती उजव्या हातानं.

मला वाटलं, आता त्यांना कळलं असणार. मी तळहात धरला आणि लिहिलं, पडदा. पुढं ‘मागून’ लिहायला लागले तर त्यांनी हात सोडवून घेतला.

“दोघंबी गप बसलो बघ,” आबा म्हणाले. “बाहेर येऊन अप्पा म्हणाला, त्येचा हात का बदललाय? मी म्हटलं, बोलायला लावलं न्हवं त्येला, मग हातबी बदलायला लावला असणार.”